राईस मिलवाल्या बाईजी

कुडव्याच्या आमच्या गल्लीत मोटार शिरायची म्हणजे आधी कोणाची सायकल, कोणाची बाज आणि कोणाची बकरी बाजूला करावी लागे. एका रविवारी सकाळी हे सगळं बाजूला करवत एक पांढरी अँबेसेडर आमच्या दारापाशी येऊन थांबली आणि तिच्यातून सुभद्राबाई उतरल्या. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा होता. मी कॉलेजात भूगोल शिकवत होतो. शहरात सुभद्राबाईंना ओळखत नाही असा माणूस नव्हता; पण त्या आपल्या दारात येतील असं वाटणारा माणूसही आमच्या गल्लीत नव्हता.

नवरा गेला तेव्हा त्यांच्या हाती धान भरडायचं एक जुनाट इंजन आणि कडेवर एक मुलगा होता. त्यातून त्यांनी गोंदिया, गोरेगाव आणि पलीकडे बालाघाटच्या वाटेवर मिळून मोठमोठ्या राईस मिली उभ्या केल्या. त्यांचा उसना तांदूळ, म्हणजे धान उकडून मग भरडलेला, रेल्वेनं पार केरळापर्यंत जायचा. व्यापाऱ्यांशी त्या हिंदीत बोलत, नातेवाइकांशी पोवारीत आणि आमच्यासारख्यांशी झाडीबोलीत. तिन्ही भाषांत सारख्याच फटकळ. सगळे त्यांना बाईजी म्हणत. पांढरं सुती लुगडं, डोक्यावरून पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शिक्षण सातवी.

त्या बाजेवर टेकल्या आणि आधी पाणी मागितलं. माझी आई, केशोरी गावची, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी केलेली. तिनं तांब्या-पेला आणला आणि जरा थबकली; आमच्या जातीच्या घरचं पाणी या बाई पितील का, असं तिला वाटलं असावं. बाईजींनी पेला हातात घेतला, सगळं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी दे वो माय, उन्हानं घसा वाळला." आईनं ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस शेजारणींना सांगितली.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुमी परवा व्यापाऱ्याईच्या सभेत बोल्ले, ते मले अर्धंच समजलं. बाकीच्याईले काहीच समजलं नाई, पण ते टाळ्या वाजवून राहिले होते. मले नीट समजावून सांगा. जग गरम होऊन राहिलं म्हणता, ते काऊन?"

तांदूळ व्यापाऱ्यांच्या सभेत मी हवामान बदलावर बोललो होतो हे खरं. जेवणाआधीचं भाषण, त्यामुळे कोणी ऐकत असेल अशी माझी समजूत नव्हती. बाईजींनी मात्र ऐकलं होतं आणि घरी जाऊन त्यावर विचार केला होता.

त्या रविवारपासून त्या येत राहिल्या. साठीला आलेली, एवढ्या मोठ्या कारभाराची मालकीण माझ्यासमोर शाळकरी मुलीसारखी बसायची. लिहून काही घेत नसत. एखादी गोष्ट पटली की मान हलवत. नाही पटली की हातातले भाजलेले चणे तोंडात टाकणं थांबवत. चणे थांबले की मला कळे, आपलं काहीतरी चुकलं.

"हा धूर जाते कुठं?" त्यांचा पहिला प्रश्न.

मी सांगितलं, कुठे जात नाही. वरच राहतो, पांघरुणासारखा.

"माह्या मिलीचाबी?"

मी म्हणालो, "तुम्ही भुसा जाळता तेव्हा त्यातला वायू यंदाच्याच धानानं हवेतून घेतलेला असतो. तो परत हवेत जातो. कोळशाचं तसं नाही. तो युगानुयुगं जमिनीखाली गाडलेला होता."

बाईजींनी चणे चावले. "म्हंजे भुसा यंदाचा यंदा फिटला. अन् कोळसा म्हंजे गाडलेलं मढं उकरून काढणं."

पंधरा वर्षांच्या शिकवण्यात मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

एकदा मात्र त्या रागावल्या. मी सहज म्हणालो की धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं, त्यातूनही एक वायू निघतो आणि तोही जग तापवतो. चणे थांबले. "हे तुमी बाहेर बोलू नका," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी दोन बांध्या हायेत त्याच्यावर बोट दाखवसान, अन् मोठ्याईच्या चिमण्या तशाच उभ्या राहतीन. पोट भरणं का गुन्हा हाय?" आणि चहा न घेता उठून गेल्या. मला वाटलं, संपलं. पावसाळा सरला, धान कापून झाला, तेव्हा त्या पुन्हा आल्या. बाजेवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी माह्या शेतात दोन बांध्याईचं पाणी मधामधात काढून पाहिलं. सुकू देलं, मंग भरलं. धान कमी नाई झाला. आता हे बोला लोकाईजवळ. पण आधी वायूचं नका सांगू, आधी पाणी वाचते म्हून सांगा."

बाईजींची ही रीतच होती. भांडायचं, मग घरी जाऊन करून पाहायचं आणि खरं निघालं तर परत येऊन तसं सांगायचं. "बोल्ल्यानं भात शिजत नाई, जाळ लागते," असं त्या म्हणत. मोठमोठ्या माणसांच्या तोंडावर म्हणत.

भुशाचा हिशेब हवेशी फिटतो हे त्यांना पटलं होतं, पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. गोरेगावच्या वाटेवर त्यांची सगळ्यांत मोठी मिल होती आणि तिच्या मागे हिरडटोला नावाचं गाव. मिलीच्या चिमणीतून काळी राखड उडे आणि धान भिजवलेलं आंबूस पाणी नालीवाटे गावच्या तलावाकडे जाई. गावानं तक्रार केली होती. मिलीच्या मॅनेजरनं ती नेहमीप्रमाणे गुंडाळून ठेवली होती. एक दिवस बाईजी न सांगता गावात गेल्या. एका घरच्या अंगणात आपलं धुतलेलं पांढरं लुगडं त्यांनी दोरीवर वाळत घातलं आणि त्याच अंगणात बाजेवर बसून राहिल्या. घरच्या बाईनं वाढलेलं जेवण जेवल्या. ऊन कललं तेव्हा लुगडं काढलं. ते करडं झालं होतं. झटकलं तर राखड निघे, पण डाग राहत.

दुसऱ्या दिवशी मिलमालकांची बैठक होती. बाईजी तेच लुगडं नेसून गेल्या.

मी तिथे नव्हतो. माझा एक विद्यार्थी एका मालकाचा जावई होता, त्याच्याकडून ऐकलं. त्या आत आल्या तेव्हा कोणीतरी हसत म्हणालं, "बाईजी, आज होली है क्या?" त्या म्हणाल्या, "होली तो रोज खेलते हैं हम लोग, दूसरों के आंगन में." मग मराठीत म्हणाल्या, "हे लुगडं काल सकाळी पांढरं होतं. मी चिमणीले राखड धरायची मशीन बसवून राहिली अन् पाणी साफ करायचा हौदबी बांधून राहिली. ते होतपर्यंत माही मोठी मिल बंद. तुमी काय करता ते तुमचं तुमी पाहा."

आणि खरंच मिल बंद केली, ऐन हंगामात. मालक मंडळी खवळली. एकानं बंद केली की बाकीच्यांना तोंड दाखवणं अवघड होतं. हमालांच्या पोटाचं काय, असा प्रश्न निघाला. बाईजींनी एकाही हमालाला घरी पाठवलं नाही. सगळ्यांना घेऊन त्या हिरडटोल्याच्या तलावावर गेल्या आणि गाळ काढायला लागल्या.

आमच्या भागातले हे तलाव जुन्या मालगुजारांच्या काळचे. काठाच्या मातीच्या पाळी खचलेल्या, पोटात गाळ भरलेला. बाईजींच्या मनात हवामानाची शिकवणी आणि तलाव यांची सांगड कधी बसली ते मला ठाऊक नाही. पण गाळाच्या ढिगावर उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "मास्तर, पहिले पाऊस घरच्या माणसावानी राहत होता. आता पाव्हण्यावानी येते. कधी येईन ते सांगत नाई, अन् आला की एका दिवसात सारं घर खाऊन जाते. मंग त्याले ठेवाले एक खोली पायजे का नाई? ही खोली हाय."

मशीन बसलं, हौद बांधून झाला, तेव्हाच मिल पुन्हा सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी अशा कितीतरी तलावांचा गाळ काढला. गावानं बोलावलं तरच जात. आपल्या नावाचा दगड कुठे बसवू देत नसत. तसा दगड एका सरपंचानं बसवला, तर तो काढायला लावून धोब्याला दिला.

त्यांचं नाव मग वर्तमानपत्रांत येऊ लागलं. नागपूरला एका मोठ्या हॉटेलात हवामान बदलावर परिषद होती, तिथलं बोलावणं आलं. मला बरोबर नेलं. सभागृहात एवढा गारठा की बाईजींनी पदर कानांवरून गच्च ओढून घेतला. बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य, "आधी ते मशीन बंद करा जी. इथं थंडीनं दात वाजून राहिले अन् तुमी गर्मीवर बोलून राहिले." सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. बाईजी गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच थंडी वाजत होती. टाळ्या वाजल्या, पण मशीन काही बंद झालं नाही.  परतीच्या गाडीत, तुमसर गेल्यावर त्या म्हणाल्या, "चांगले लोक होते. पण त्याईच्यात अन् आपल्या व्यापाऱ्याईच्या सभेत काय फरक होता, सांगा?"

मग प्लांटचं प्रकरण आलं.

एका बाहेरच्या कंपनीला हिरडटोल्याच्या शिवारात कोळशावर वीज करायचा कारखाना टाकायचा होता. गावाची चराई, म्हणजे गुरं चारायची जमीन, जाणार होती, तलावाचं पाणी जाणार होतं. त्या जागेच्या ऐन मधोमध बाईजींची जमीन होती. त्यांनी विकली असती तर कंपनीनं मागतील ते दिलं असतं. त्यांचा मुलगा नरेश तोवर चाळिशीला आला होता, कारभार बराचसा तोच पाहत होता. कोळशाच्या वाहतुकीचं काम आपल्याला मिळणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. आईसारखाच मेहनती, फक्त त्याचे डोळे पुढच्या दहा वर्षांवर होते आणि आईचे त्याहून लांब.

कंपनीच्या मांडवात सरकारी जनसुनावणी झाली. मंचावर अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं आणि त्यांच्या रांगेत नरेश. समोर गावकरी. बाईजी गावकऱ्यांत, सतरंजीवर बसल्या होत्या. बोलायची पाळी आली तेव्हा त्या उठल्या. नरेशनं मान खाली घातली.

"साहेब," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "माही मिल चालते. माह्या घरी मोटार हाय, बिजली मलेबी लागते. म्हून मी बिजलीच्या विरोधात नाई बोलत. पण माह्या चिमणीची राखड मी या गावच्या दोरीवर पाहिली हाय. माही चिमणी ही एवढी, अन् तुमची एवढी." त्यांनी आधी हात कमरेशी धरला, मग डोक्याच्या वर नेला. "अन् पाणी? या तलावात मावते तेवढंच पाणी हाय. धानाले द्याल का मशीनले द्याल, तेवढं सांगा. दोघाईले देतो म्हून सांगणारा माणूस खोटा बोलून राहिला."

कंपनीच्या बाजूचं कोणी तरी म्हणालं, "बाईजी, आपका बेटा तो हमारे साथ है."

बाईजींनी नरेशकडे पाहिलं.  "हाय," त्या म्हणाल्या. "तो शहाणा हाय, त्याचं मत त्याचं. माहं माहं." आणि खाली बसल्या.

त्या संध्याकाळी नरेश त्यांना म्हणाला, "आई, तू स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिली." त्या म्हणाल्या, "पाय माहाच हाय ना बाबू." पंधरा दिवसांत तो बायको-मुलांसह नागपूरला राहायला गेला. बाईजींनी त्याला अडवलं नाही. पण त्या रविवारी आमच्याकडे आल्या तेव्हा चण्यांची पुडी सोडलीच नाही. माझ्या आईजवळ बराच वेळ बसल्या. दोघी काय बोलल्या ते आईनं मला कधी सांगितलं नाही.

सुनावणी झाली, कागदावर सगळ्यांचं म्हणणं उतरलं आणि प्लांटचं काम पुढे सरकतच राहिलं. त्या भागाचे आमदार उघडच प्लांटच्या बाजूनं होते. विधानसभेची निवडणूक जवळ आली तशा बाईजी एक दिवस म्हणाल्या, "मी उभी राहते."

मी हादरलो. राजकारण त्यांचा प्रांत नव्हता. त्या म्हणाल्या, "जिथं ठरते तिथं जा लागन. दारात उभं राहून ओरडलो तं घरातले लोक दार लावून घेतेत."

अपक्ष. चिन्ह मिळालं छत्री. एवढी पैसेवाली बाई निवडणूक लढवणार म्हटल्यावर गाड्यांच्या रांगा लागतील, जेवणावळी उठतील, असं धरून कितीतरी कार्यकर्ते गोळा झाले. बाईजी एसटीनं प्रचाराला निघाल्यावर त्यातले बहुतेक पांगले. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या गोरेगावला उतरायच्या, काळी छत्री उघडून भाजीवाल्यांच्या ओळीत उभ्या राहायच्या आणि येईल त्याच्याशी बोलायच्या. घोषणा नाहीत, भोंगा नाही. ऐकणारा कमी झाला की भाजी घ्यायच्या.

एका बाजारात मी सोबत होतो. एका शेतकऱ्यानं त्यांना थेट विचारलं, "बाई, प्लांट आला तं माह्या पोराले नोकरी लागन. तुह्या पोराले तं मिली हायेत. तू कायले आडवी येते?"

सोबतचे दोघेतिघे त्याला गप्प करायला पुढे झाले. बाईजींनी त्यांना मागे सारलं. "तू खरं बोल्ला," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले मिली हायेत. म्हून मले आडवं येणं सोपं हाय, तुले कठीण हाय. तुह्या पोराले नोकरी लागन, हेबी खोटं नाई. पण तुही बांधी तलावाखाली हाय. पाणी गेलं तं नोकरी एका पोराले अन् बांधी साऱ्या घराची. तू विचार कर. मंग मले नको देऊ मत, पण विचार कर."

कोणता उमेदवार मतदाराला सांगतो की तुझं म्हणणं खरं आहे? मी कितीतरी निवडणुका पाहिल्या, असा प्रचार पाहिला नाही.

बाईजी हरल्या, चांगल्याच हरल्या. ज्या गावांचे तलाव त्यांनी उकरले होते तिथल्या पेट्यांतूनसुद्धा मूठभर मतं निघाली. पण त्यांनी घेतलेल्या तेवढ्या मतांनीच प्लांटच्या बाजूचे आमदार पडले आणि दुसरा उमेदवार निवडून आला. तो हारतुरे घेऊन, गुलालानं माखून बाईजींच्या घरी आला. "बाईजी, ये जीत आपकी वजह से है!" असं म्हणून पाया पडला. त्या म्हणाल्या, "माह्यामुळे कशी? मी तं तुमच्याबी विरोधात उभी होती." पण चहा पाजला, आणि प्लांटबद्दल शब्द घेतला. त्यानं दिला. वर्षभरात तो शब्द विरून गेला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एका गावात पाळीच्या डागडुजीचं काम ठरलेलं होतं. त्या गावानंही मतं दिली नव्हती. मला वाटलं, आता जाणार नाहीत. त्या ठरल्या वेळी हजर. गावकरी मान वर करून बघेनात. एक म्हातारा पुढे येऊन चाचरत काही बोलू लागला. बाईजींनी त्याला हातानं थांबवलं. "मत तुहं होतं बाबा. तुले वाटलं त्याले देलं. ते माह्याकून नेलं म्हून कोण म्हणते? चाल, दगड उचल." मी पाळीवर उभा राहून पाहत होतो. पराभव झालेला माणूस मी त्याआधीही पाहिला होता आणि नंतरही पाहिला. पण काल ज्यांनी नाकारलं त्यांच्याच तलावाला आज मनात काही न ठेवता हात लावणारं माणूस मी एकच पाहिलं.

"माही पायरीच चुकली," त्या नंतर मला म्हणाल्या. "मी एकदम माडीवर चढाले गेली. खालून चढा लागते."

आणि गोंदियातला बंगला बंद करून त्या हिरडटोल्याच्या शेतावरच्या घरात राहायला गेल्या. तिथल्या मतदार यादीत नाव घातलं. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा एका वॉर्डातून साध्या सदस्यपदासाठी उभ्या राहिल्या. शहरात लोक हसले. आमदारकीचं स्वप्न पाहणारी बाई आता नाल्या साफ करणार, असं म्हणाले. बाईजी थोडक्या मतांनी निवडून आल्या. सरपंचपद राखीव होतं. शीलाबाई सरपंच झाल्या. आमच्याच समाजातल्या, पस्तिशीच्या. त्या एकेकाळी बाईजींच्या मिलीत सांडलेला तांदूळ झाडून गोळा करायचं काम करत.

पहिल्या बैठकीला शीलाबाई आत आल्या आणि बाईजी उठून उभ्या राहिल्या. शीलाबाई जागीच खिळल्या.

"बाईजी, तुमी नका उठू. मले लाज वाटते."

"लाज कशाची? सरपंच आला की मेंबर उठते. बैस खुर्चीवर, मंग मी बसते."

शीलाबाई बसल्या. पुढे प्रत्येक बैठकीत हेच. पहिले काही महिने शीलाबाई खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पुढे नीट टेकून बसू लागल्या आणि त्याच्याही पुढे बाईजींना मध्येच थांबवून "आधी त्याईचं होऊ द्या, मंग तुमचं" असं सांगू लागल्या. बाईजींना ते फार आवडे. मला सांगताना त्या खुदकन हसत. "मले चूप बसवते! माह्या जल्मात कोणी चूप बसवलं नव्हतं."

कंपनीला गावची चराई आणि तलावाचं पाणी हवं होतं, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. तो दिवस मला चांगला आठवतो. शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. कंपनीचे अधिकारी शहरी कपड्यांत घामाघूम होऊन बसले होते. तरुणांचा एक घोळका प्लांटच्या बाजूनं होता आणि ते काही लपवत नव्हते. सगळ्यांना वाटत होतं, बाईजी बोलतील. त्या बोलल्या नाहीत. शीलाबाई उभ्या राहिल्या. 

"नोकरी आमाले पायजेच," त्या म्हणाल्या. "पण माही बांधी नाई, मी मजूर हाय. रोवणी असली तं माह्या घरी चूल पेटते. पाणी गेलं तं जमीनवाल्याले कंपनी काही तरी देईन. मले कोण देईन? ज्याच्याजवळ जमीन नाई त्याचा हिशेब कोणी केला का?"

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ठरावाच्या विरोधात हात वर झाले. आधी बायांचे, मग हळूहळू माणसांचे, शेवटी त्या तरुणांच्या घोळक्यातलेही काही. ठराव नामंजूर झाला. बाईजींनीही हात वर केला होता, गर्दीत, बाकीच्यांसारखाच. शीलाबाईंकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं.

कंपनीनं आणखी काही दिवस धडपड केली आणि मग इथला नाद सोडला. दुसऱ्या जिल्ह्यात जागा पाहिली असं कानावर आलं. मी ती बातमी आनंदानं सांगायला गेलो. बाईजी अंगणात पायलीनं धान मोजत होत्या. हात थांबला. "तिथंबी कोणाचं गावच असन ना, मास्तर," त्या म्हणाल्या.  आठ दिवसांनी शीलाबाईंना घेऊन बाईजी त्या दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आल्या. तिथल्या लोकांना ग्रामसभा कशी घ्यायची ते सांगून आल्या. पुढे तिथे काय झालं ते मला नक्की माहीत नाही.

त्यानंतर त्या थकत गेल्या. छातीत पाणी भरलं. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथे नरेश रात्रंदिवस उशाशी बसून होता. मायलेकात काय बोलणं झालं, कोण आधी बोललं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. बऱ्या होऊन त्या हिरडटोल्याला परतल्या तेव्हा गाडी नरेश चालवत होता. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. स्मशानात मिलमालक होते, दोन्ही आमदार होते आणि कुठकुठल्या गावांतून आलेल्या बायाही होत्या. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी गेल्या. शीलाबाई सगळ्यांत पुढे होत्या.

पण मला त्या दिसतात त्या आदल्या पावसाळ्यातल्या. मी कॉलेज आटोपून भेटायला गेलो तर घर उघडं आणि आत कोणी नाही. शेजारणीनं तलावाकडे बोट दाखवलं. तलाव काठोकाठ भरला होता आणि खालच्या बांध्यांत रोवणी चालली होती. दहापंधरा बाया वाकून, गुडघाभर चिखलात, मागे मागे सरत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. त्यांच्यात एक पांढरं लुगडं होतं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बाईजी. डॉक्टरांनी पायऱ्या चढू नका म्हणून सांगितलं होतं.

"बाईजी, तुमची ओळ वाकडी होऊन राहिली!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या बाया हसल्या.

बाईजींनी वाकल्या वाकल्याच आपली ओळ पाहिली. ती खरंच वाकडी होती, नागमोडी. "होऊ दे वाकडी," त्या म्हणाल्या. "धान तं उभाच येते."

मी हाक मारली. पावसाच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नसावी. पाठमोऱ्या होत्या, एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हातानं चिखलात रोप खोचत, एकेक पाऊल मागे घेत. धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, नरेश उभा होता. पँट दुमडलेली, डोक्यावर पाऊस, आणि दोन्ही हातांत आईच्या चपला धरलेल्या. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.  ती ओळ संपेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.